तांदळातलं नाव

मार्चच्या शेवटी आमच्या घरी तीन पोल कार्डं आली. एक सासऱ्यांचं, एक सासूबाईंचं, एक नवऱ्याचं. मे महिन्यात कौन्सिलची, म्हणजे लंडनमधल्या आमच्या भागाच्या नगरपालिकेची, निवडणूक होती. मतदान कुठे करायचं, कोणतं ओळखपत्र न्यायचं, हे त्या कार्डांवर छापलेलं होतं. सासऱ्यांनी ती फ्रिजवर ओळीने लावली आणि शेजारी एक चुंबक माझ्या कार्डासाठी मोकळा ठेवला.

माझं कार्ड आलं नाही. पत्र आलं. पाकिटावरचं नाव माझ्या पासपोर्टवर नाही, पगाराच्या स्लिपवर नाही, माझ्या आईवडिलांनी मला त्या नावाने कधी हाक मारलेली नाही. आत लिहिलं होतं की या व्यक्तीने दिलेली माहिती सरकारी नोंदींशी जुळत नाही, तरी ओळखीचा पुरावा पाठवावा, अन्यथा मतदार यादीत नाव घेता येणार नाही.

ती व्यक्ती मीच होते. निदान वेम्बलीतल्या त्या घरात तरी.

ते नाव मला लग्नात मिळालं. पुण्यातल्या कार्यालयात, सप्तपदी झाल्यावर, गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्या अंगठीने त्याला तांदळात माझं नवीन नाव लिहायचं होतं. माझ्या मैत्रिणींच्या लग्नांत हा प्रकार एव्हाना बंद झाला होता, किंवा होतं तेच नाव लिहून सगळे हसत टाळ्या वाजवत. पण सासू-सासरे चाळीस वर्षांपूर्वी लंडनला आले तेव्हा सोबत जे आणलं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. नवरा इथे जन्मला, इथे शिकला, त्याला देवनागरी लिहिता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी ते त्याला कागदावर काढून दिलं होतं, आणि तो कागद मांडीवर ठेवून तो चित्र उतरवावं तसं एकेक वळण उतरवत होता. सगळे वाकून बघत होते. पेढे वाटले गेले. पेढा देताना प्रत्येकाला नाव सांगितलं गेलं. मी मान खाली घालून हसत होते, फोटोत तसंच दिसतं. ते तांदूळ नंतर कुठे गेले, मी विचारलं नाही. भात झाला असेल.

मला वाटलं होतं, विधी आहे, झाला. वेम्बलीत आल्यावर कळलं की तो नुसता विधी नव्हता. त्या नावाने मला सकाळी चहाला बोलावलं जाई, इथल्या मराठी मंडळातल्या बायकांशी ओळख करून दिली जाई, वाढदिवसाच्या केकवरही तेच लिहिलं जाई. घरातून निघून स्टेशनात शिरले की माझं खरं नाव सुरू व्हायचं. ऑफिसात सगळे तेच म्हणतात, अर्धंमुर्धं उच्चारतात, पण माझंच. संध्याकाळी परत आले की दुसरं. मी काही बोलले नाही. मी मुळात कमी बोलते. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा 'प्रेझेंट मिस' म्हणायला माझा आवाज फुटत नसे. बाई एकदा वर बघायच्या, मग पुढच्या नावाकडे जायच्या. महिन्याच्या शेवटी घरी चिठ्ठी यायची की मुलगी वारंवार गैरहजर असते. आईला कळायचंच नाही, कारण ती मला रोज फाटकापर्यंत सोडायची.

मतदार यादीचं काम सासऱ्यांनी केलं होतं. घरातल्या प्रत्येकाची कागदपत्रं ते वेगवेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवतात. हिवाळ्यात कौन्सिलची ईमेल आली, तेव्हा त्यांनी माझ्या फोल्डरमधून नोकरीसाठी मिळालेला नॅशनल इन्शुरन्सचा नंबर घेतला आणि वेबसाइटवर मला नोंदवून टाकलं. मोठ्या उत्साहाने. दारावर प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "देअर आर फोर व्होट्स इन धिस हाउस." त्यात त्यांना फार आनंद वाटे. नाव मात्र त्यांनी तांदळातलं घातलं.

पत्र त्यांनी जेवताना वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काही घाबरायचं नाही. सोपं आहे."

"मी घाबरले नाहीये, बाबा."

"इथे नाव बदलायला कोर्टकचेरी लागत नाही. डीड पोल म्हणतात. एक कागद, तुझी सही, दोन साक्षीदार, संपलं. घरचे लोक साक्षीदार चालत नाहीत. मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची मिसेस रविवारी येतायत. त्यांच्यासमोर करून टाकू. मग ते कौन्सिलला पाठवायचं, बँकेत पाठवायचं, सगळीकडे एकसारखं होईल. आत्ता नाहीतर करणार कधी?"

सासूबाई आमटी वाढत होत्या. "दोन वर्षं म्हणतेय मी. ऑफिसात एक, घरात एक. माणसाला दोन डोकी असतात का?"

"मग घरातलं बदलू या का?" मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतकं हळू निघालं की सासूबाईंना विचारावं लागलं. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"मी नाही बदललं? मला काय शिंगं फुटली?" त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने नाही बदललं?"

"बदललंय."

"मग?"

नवरा दोघींकडे बघत होता. तो भांडण सोडवायला जातो आणि मराठीत अडखळतो. "बाबांची पॉइंट पण बरोबर आहे," तो म्हणाला. "एक फॉर्म तर आहे. सही कर ना. व्हॉट्स द बिग डील?"

"बिग डील नसेल तर तू कर. तू माझं आडनाव घे."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. सासऱ्यांना वाटला नाही. ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी इथे नोकरीला लागलो तेव्हा साहेबाला माझं नाव उच्चारता येईना. त्याने त्याचा तुकडा पाडून इंग्रजी करून टाकलं. निवृत्त होईपर्यंत सगळे मला त्याच नावाने हाक मारत होते. माझं काही बिघडलं नाही."

"आवडलं होतं का तुम्हाला?"

"आवडायचा प्रश्न कुठे होता?"

ते उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

मला मत द्यायचं होतं, त्यामागे एक साधं कारण होतं. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते, म्हणजे घराजवळच्या लायब्ररीतून. वरच्या मजल्यावर खिडकीशी एक टेबल आहे. तिथे शाळेची मुलं अभ्यास करतात, एक गुजराती आजी रोज पेपर वाचत बसतात, कोणी कोणाशी बोलत नाही. मला याहून चांगली जागा या शहरात सापडलेली नाही. ती लायब्ररी आठवड्यातले बरेच दिवस बंद ठेवायचं कौन्सिलमध्ये चाललं होतं. दाराच्या फटीतून पडणारं प्रत्येक पत्रक मी वाचत होते. काहींवर लायब्ररीचा उल्लेखच नव्हता, काहींवर कचऱ्याच्या डब्यांचा आणि पार्किंगचा होता, दोघातिघांनी मात्र लायब्ररीबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. मी त्यांवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. आमच्या वॉर्डात तीन जागा होत्या, म्हणजे तीन फुल्या मारता येणार होत्या. पुण्यात असताना मी एकदाही मतदान केलं नव्हतं. यादीत नाव घालायला वडील सांगायचे आणि मी टाळायचे. इथे पाहुणी असूनही, भारतीय पासपोर्टवर, कॉमनवेल्थमधली म्हणून मत देता येतं हे कळलं तेव्हा मला आधी खरंच वाटलं नव्हतं.

कार्डिफला माझी शाळेतली मैत्रीण राहते, तिथल्या हॉस्पिटलात नोकरी करते. तिच्याकडेही त्याच दिवशी मतदान होतं, पण कौन्सिलचं नाही, वेल्सच्या विधानसभेचं. मी लायब्ररीच्या जिन्यावर बसून तिला फोन केला.

"कायदेशीर आहे का ते सोड," ती म्हणाली. "तू सही करणारेस का?"

"रविवारी लोक येतायत."

"मी लोकांचं विचारलंच नाही."

"नको आहे मला ते नाव."

"हे त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस, बये? मी तर तुला त्याच जुन्या नावाने हाक मारते." मग ती म्हणाली, "आमच्याकडे मतदानाला ओळखपत्र दाखवावं लागत नाही. तुमच्याकडे लागतं. कुठल्या नावाचं दाखवणार आहेस?"

त्याच्यावर मी जिन्यात बसून थोडा विचार केला. मग वर जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आणि फोनवर मतदार नोंदणीचं पान उघडलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व, नॅशनल इन्शुरन्सचा नंबर. माझं नाव, मध्ये वडिलांचं, शेवटी माहेरचं आडनाव. तेच पान सासऱ्यांनी हिवाळ्यात भरलं होतं. खाली लिहिलेलं होतं की जाणूनबुजून खोटी माहिती देणं गुन्हा आहे. मी ते दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. शेजारच्या आजींनी पेपरावरून माझ्याकडे पाहिलं.

रविवारी अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी आले. अध्यक्षांनी खिशात स्वतःचं शाईचं पेन आणलं होतं. सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. चहा झाला, गणपतीच्या हॉलचं बुकिंग झालं, मग सासऱ्यांनी कागद टेबलावर ठेवला. छापून, स्वच्छ, सहीच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावून.

"ये, बस इथे," अध्यक्ष मला म्हणाले. त्या नावाने. "शुभ काम आहे."

"काका, तुम्हाला त्रास दिला," मी म्हणाले. "पण मी सही करणार नाहीये. माझ्या नावाने मी नोंदणी केलीये. परवाच."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं, ते त्यांनी परत लावलं.

"माझ्या नावाने म्हणजे?" सासूबाई.

"म्हणजे लग्नपत्रिकेवर होतं त्या."

अध्यक्षांच्या पत्नी पटकन म्हणाल्या, "खिचडी काय सुंदर झालीये हो. दाण्याचा कूट घरचा का?" जाताना दारात त्यांनी माझा हात क्षणभर धरला. काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. कदाचित काहीच म्हणायचं नसेल.

त्यानंतर घरात कोणी ओरडलं नाही. त्या घरात कोणी ओरडत नाहीच. सासरे माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलू लागले. सासूबाई ते नाव आधीपेक्षा जास्त वेळा घेऊ लागल्या, प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटीसुद्धा. फ्रिजवरचा मोकळा चुंबक तसाच होता.

माझं कार्ड यायची वाट बघत मी रोज संध्याकाळी दाराशी पडलेलं टपाल चाळत होते. दोन आठवडे झाले तरी आलं नाही. शेवटी मी नवऱ्याला विचारलं. तो बूट काढत होता.

"व्हाइट कार्ड? ते आलं होतं ना. बाबांनी दिलं मला पोस्ट करायला."

"पोस्ट करायला?"

"त्याच्यावर त्यांनी लिहिलं होतं, नॉट ॲट धिस ॲड्रेस. मी रेड बॉक्समध्ये टाकला. मला वाटलं आधीच्या टेनंटचा असेल."

"तू नाव वाचलं नाहीस?"

तो एका बुटानिशी तिथेच थांबला. त्याला आता समजलं होतं, आणि जे समजलं ते त्याच्या चेहऱ्यावर सावकाश पसरत गेलं. "नाही," तो म्हणाला. "आय डिडन्ट लुक. सॉरी. सॉरी."

तो वाईट माणूस नाही. त्याने मला कधी त्या नावाने हाकही मारलेली नाही, तो मला हनी म्हणतो. पण त्याच्या हातात माझं नाव होतं आणि त्याने ते वाचलं नाही. मला त्या दिवशी त्याच्या बापाचा राग कमी आला. त्यांनी निदान वाचून लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खरोखर घरीच बसून काम करत होते. फोनवर बोलायचा मला कंटाळा नाही, भीती आहे. डेंटिस्टची वेळ घ्यायलासुद्धा मी आधी कागदावर वाक्य लिहून घेते. कौन्सिलच्या निवडणूक विभागाला मी लायब्ररीतून फोन करू शकले असते, जिन्यावरून, हळू आवाजात. मी दिवाणखान्यात गेले. सासरे कोचावर होते, सासूबाईंची मालिका चालू होती. मी खिडकीजवळ उभी राहिले, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडे एक माणूस होता, थकलेला पण नम्र. मी सांगितलं की माझं पोल कार्ड चुकून परत गेलंय, माझं नाव यादीत आहे का ते बघायचंय. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याला कळलं नाही. मग मी एकेक अक्षर सुटं करून, प्रत्येकाला एकेका फळाचं नाव जोडून, माझं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव. खूप लांब वाटलं. सासूबाईंनी मालिकेचा आवाज बंद केला.

त्या माणसाने सगळं नाव सावकाश परत वाचून दाखवलं. उच्चार वाकडातिकडा होता. पण त्या खोलीत माझ्या वडिलांचं नाव पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आलं. लग्नानंतर ते दोनदा इथे येऊन गेले, तेव्हासुद्धा सगळे त्यांना व्याही म्हणत.

"कार्ड परत आलंय आमच्याकडे," तो म्हणाला. "त्यावर लिहिलंय की ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. तुम्ही तिथे राहता का?"

सासरे माझ्याकडे बघत नव्हते. ते बंद आवाजातल्या मालिकेकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी इथेच राहते. या घरात. मी या घरातूनच बोलतेय."

"मग काही हरकत नाही. तुमचं नाव यादीत आहे. कार्ड नसलं तरी चालतं, फक्त फोटो असलेलं ओळखपत्र आणा. तुमचा पासपोर्ट चालेल."

मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला सगळं घरातलं सांगायची काय गरज होती?"

"मी घरातलं काहीच सांगितलं नाही, आई. नाव सांगितलं."

सासऱ्यांनी रिमोट उचलला आणि आवाज परत सुरू केला. थोड्या वेळाने, टीव्हीकडे बघतच, ते मला म्हणाले, "पासपोर्ट तुझ्या फोल्डरमध्ये आहे. निळ्या." मी फोल्डर काढलं आणि पासपोर्ट नाही, पूर्ण फोल्डरच माझ्या खोलीत नेलं. त्यांनी ते पाहिलं.

मतदानाच्या दिवशी आम्ही चौघं एकत्र निघालो, कारण सासऱ्यांच्या मते तसंच जायचं असतं. केंद्र जवळच्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये होतं. भिंतीवर मुलांनी काढलेली फुलपाखरं, खाली बुटक्या खुर्च्या. रांगेत सासरे पुढे, मग सासूबाई, मग मी, मग नवरा. टेबलाशी बसलेल्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहिला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पट्टी यादीवरून खाली सरकवली आणि शेजारच्या माणसाला माझं नाव मोठ्याने सांगितलं, त्याने खूण करावी म्हणून. सासूबाई मतपत्रिका हातात घेऊन दोन पावलांवर थांबल्या होत्या. त्या वळून बघत होत्या.

मतदानाच्या लाकडी कप्प्यात दोरीला बांधलेली पेन्सिल होती. मी तीन फुल्या मारल्या. कोणापुढे मारल्या, ते इथे लिहिणार नाही. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "आपल्याच पक्षाला ना?" मी म्हणाले, "गुप्त असतं, बाबा." नवरा जमिनीकडे बघून हसला. या वेळी त्याला विनोद कळला होता.

त्या संध्याकाळी मी वर खोलीत होते. खालून सासूबाईंनी हाक मारली. तेच नाव. मी खुर्चीतून उठले नाही. पुन्हा हाक आली, जरा जोरात. मी लॅपटॉप बंद केला, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. लहानपणी माझा आवाज फुटत नसे, तेव्हा माझ्या छातीत नुसती धडधड व्हायची. आज तसं काही होत नव्हतं. मला ऐकू येत होतं, मी घरात होते, आणि मी उत्तर देत नव्हते.

मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "अगं, जेवायला येतेस ना?"

"आले, आई," मी म्हणाले.

त्यांनी माझं नाव अजून घेतलेलं नाही. अगं, ऐकलंस का, इकडे ये, असंच चालतं. मंडळात ओळख करून देताना त्या नुसतं 'आमची सून' म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. मग नाव मी सांगते. दुसऱ्या कोणत्याही नावाला त्या घरात मी आता ओ देत नाही.